आधी काय घडले?

सुरतेजवळच्या हजीऱ्याला लागून सुवालीचा किनारा आहे. 1612 च्या अखेरीस कॅप्टन थॉमस बेस्टची 'रेड ड्रॅगन' आणि 'होझिअँडर' ही दोन इंग्रज जहाजे तिथे पोर्तुगिजांच्या चार मोठ्या लढाऊ जहाजांशी भिडली. इंग्रजांच्या रोजनाम्यात लढाईचा पहिला दिवस 29 नोव्हेंबर. समोरच्या पोर्तुगीज जहाजांवर त्याच सकाळी 9 डिसेंबर उजाडला होता. कारण पोर्तुगालने ग्रेगरियन पंचांग 1582 मध्येच घेतले आणि इंग्लंड 1752 पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगाला धरून बसले. सुरतेतल्या मोगल कारकुनाच्या लेखी ते हिजरी सन 1021. तोफ एकच, तारखा तीन. तरीही या लढाईचा क्रम लावताना इतिहासकाराला घाम फुटत नाही. कोणता कागद कोणत्या पंचांगाचा हे त्याला ठाऊक असते, आणि त्या काळी दोन पंचांगांत बरोबर दहा दिवसांचे अंतर होते हेही ठाऊक असते.

मुंबईकरांना हा अनुभव घरचाच. देशाची प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली; मुंबईने मात्र आपली 39 मिनिटे मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी. चिडचिड झाली, वाद झाले; पण 39 हा आकडा ठरलेला होता आणि तो ध्यानात ठेवला की हिशेब जुळत असे.

म्हणजे चुकीचे घड्याळ फारसे घातक नसते. किती चुकले आहे हे कोणालाच माहीत नसलेले घड्याळ घातक असते. आणि ते चुकले होते ही गोष्टच पुसून टाकून जे गुपचूप 'दुरुस्त' केले जाते, ते सर्वांत घातक. ही तिसरी जात आज आपल्याकडे सर्वाधिक फोफावते आहे, आणि तिचे माहेर म्हणजे संगणकातले आभासी यंत्र, बोलीभाषेत 'व्हीएम'.

आजचा हजीरा म्हणजे ओएनजीसीचा वायुप्रक्रिया प्रकल्प, क्रिभकोचे खत, पोलाद, एलएनजीचे टर्मिनल, बंदर, अवजड अभियांत्रिकी. विजयपूर आणि जगदीशपूरपर्यंत गेलेल्या वायुवाहिनीचे तोंड इथे आहे, आणि कवासचे वीजकेंद्र शेजारीच. अशा कारखान्यांत काय घडले याची नोंद आता माणसाच्या वहीत कमी आणि सर्व्हरमध्ये जास्त होते. कोणता अलार्म कधी वाजला, कोणता पंप कधी ट्रिप झाला, कोणता व्हॉल्व्ह कोणाच्या लॉगिनने बंद झाला, हे सगळे तिथे साठते. देशभरातल्या मोठ्या उद्योगांत असे सर्व्हर गेल्या काही वर्षांत स्वतंत्र पेटीतून उठून एकाच दणकट यंत्राच्या पोटात आठ-दहा आभासी यंत्रे म्हणून राहू लागले आहेत. खर्च वाचतो, जागा वाचते, एक पेटी बिघडली तर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेता येते. वाईट असे त्यात काही नाही. फक्त एक गोष्ट बिऱ्हाडासोबत येत नाही: घड्याळ.

आभासी यंत्राला स्वतःचे घड्याळ नसते. त्याला वाटते की आहे. तेवढी नक्कल यजमान यंत्रावरचा, आभासी यंत्रे चालवणारा हायपरव्हायझर करून देतो. जुन्या पद्धतीची ऑपरेटिंग सिस्टीम वेळ कशी मोजते ते पाहिले की दुखणे कळते. टाइमरचा एक टोला म्हणजे अमुक इतका काळ गेला, असे धरून ती टोले मोजत जाते. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र पाण्यात सोडत. ते बुडाले की पहारेकरी टोला देई आणि पात्र पुन्हा सोडी. पहारेकऱ्याला डुलकी लागली तर तेवढ्या घटका हरवल्या. आभासी यंत्राला दिवसातून असंख्य वेळा डुलकी लावली जाते, कारण प्रोसेसर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दहा.

लिनक्सच्या 2.6 मालिकेच्या आरंभी सेकंदाला 1000 टोल्यांची रीत होती. अशी दहा पाहुणी यंत्रे एका यजमानावर बसवली की सेकंदाला दहा हजार टोले वेळच्या वेळी पोहोचवायचे, आणि ज्याला पोहोचवायचे ते त्या क्षणी जागे असेलच असे नाही. मग टोले तुंबतात. हायपरव्हायझर ते साठवून ठेवतो आणि पाहुणा जागा झाला की भराभर देतो. तेवढा वेळ पाहुण्याचे घड्याळ पळत सुटते. इथवर ठीक. पण पाहुण्या यंत्रातही शहाणपण भरलेले असे: काही टोले चुकलेत असे दिसले की ते स्वतःच भर घाली. भरपाई दोनदा झाली की मागे पडलेले घड्याळ पुढे जाऊन बसते. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कोड आपापल्या जागी बरोबर, बेरीज चूक. या प्रांतातले बरेच बग याच जातीचे आहेत.

पुढे टोले मोजणे सोडून प्रोसेसरमधला टीएससी नावाचा मोजक वाचण्याची पद्धत आली. तिथे निराळी अडचण. तो मोजक ज्या वेगाने धावतो तो वेग त्या प्रोसेसरचा. चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले आणि दुसऱ्याचा वेग वेगळा निघाला, तर जुन्या मापाने नवे कापड मोजल्यासारखे होते. म्हणून लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये यजमान आणि पाहुणा यांच्यात स्मृतीचे एक सामाईक पान ठेवले गेले. यजमान त्यावर लिहून ठेवतो की अमुक क्षणी मोजक इतका होता, वेळ इतकी होती, आता या गुणकाने पुढचे मोज. यजमान पान बदलत असताना पाहुण्याने अर्धवट वाचू नये म्हणून पानावर आवृत्तीचा आकडाही असतो; तो विषम असेल तर थांबायचे आणि पुन्हा वाचायचे. एवढे करूनही दोन आभासी प्रोसेसरांनी लागोपाठ वेळ विचारली तर दुसऱ्याला पहिल्याच्या आधीची वेळ मिळू शके. 2010 मध्ये त्यावर उपाय बसला: आतापर्यंत दिलेली सर्वांत पुढची वेळ एका जागी लक्षात ठेवायची आणि तिच्या मागचे उत्तर कोणालाही द्यायचे नाही. उपाय साधा, पण फुकट नाही. वेळ विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या एकाच जागी हात लावावा लागतो आणि यंत्र मंदावते. सर्व प्रोसेसरांचे मोजक खात्रीने जुळलेले आहेत असे जिथे सांगता येते, तिथे हा खर्च टाळता येतो.

हे सगळे प्रोग्रॅमरांचे काम, आणि ते त्यांनी चोख केले आहे. आजची नीट मांडलेली आभासी यंत्रे वेळेच्या बाबतीत पंधरा वर्षांपूर्वीच्या मानाने फार सुधारली आहेत. आमचा रोख दुसरीकडे आहे. बग सुटले, घड्याळ 'ठीक करून टाकण्याची' सवय सुटली नाही.

2008 चे उदाहरण घ्या. 12 ऑगस्टला जगभरात व्हीएमवेअरच्या ईएसएक्स 3.5 च्या दुसऱ्या अद्यतनावर चालणारी यंत्रे सुरू होईनात. चाचणीच्या काळातला 'या तारखेनंतर चालू नये' असा कोड चुकून विक्रीच्या मालात राहिला होता. चालू असलेली यंत्रे चालत राहिली; बंद झालेले पुन्हा उठेना. पॅच येईपर्यंतचा तोडगा कोणता? यजमानाची तारीख 10 ऑगस्टवर नेऊन ठेवा. यंत्रे उठली. पण जी पाहुणी यंत्रे यजमानाकडून वेळ घेतात, त्यांची तारीखही मागे गेली. त्या दोन दिवसांच्या नोंदी पुढे कोणी चाळल्या, तर खरा 10 ऑगस्ट कोणता आणि लादलेला कोणता, हे त्याला कोण सांगणार?

किंवा 1 जुलै 2012. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. लिनक्समधल्या एका भागाला तो कळला, दुसऱ्याला कळला नाही; टाइमर एक सेकंद पुढेच राहिले आणि अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर रिकामे फिरत तापले. क्वांटास विमानकंपनीची प्रवाशांची नोंदणी अडखळली, रेडिट कोसळले. त्या दिवशी तोंडोतोंडी फिरलेला तोडगा मासलेवाईक होता: घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा एकदा सांगायची. एका ओळीची आज्ञा, आणि यंत्र शांत. किती जणांनी ती आज्ञा देताना कुठे लिहून ठेवले असेल?

आता आपल्याच प्रमाणवेळेने घातलेली भर. लिनक्सवाले यंत्राच्या मूळ घड्याळात जागतिक वेळ ठेवतात, विंडोज स्थानिक वेळ मानते. लिनक्स यजमानावर विंडोज पाहुणा बसवताना 'मूळ घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' ही एक ओळीची सूचना विसरली की पाहुणा साडेपाच तास मागे. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात ही चूक दिसणारही नाही, आपल्याला हमखास दिसते. दिसते आणि मग कोणीतरी हाताने घड्याळ पुढे करून चहाला जातो. मधल्या नोंदी तशाच. शिवाय साडेपाच तासांची ही चूक केवळ तास बदलत नाही. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तारीखच आदल्या दिवसाची पडते. 24 सप्टेंबर 2020 ला पहाटे तीनच्या सुमारास हजीऱ्यात ओएनजीसीच्या प्रकल्पात लागोपाठ स्फोट होऊन आग लागली होती. त्या दुर्घटनेचा घड्याळाशी काही संबंध नव्हता. इथे ती केवळ वेळ समजण्यासाठी. अशा वेळेची नोंद साडेपाच तास मागे असलेल्या सर्व्हरवर पडली असती, तर ती 23 तारखेच्या रात्री साडेनऊची म्हणून पडली असती. शिफ्ट वेगळी, हजेरीपटावरची माणसे वेगळी.

मुद्दा इथे आहे. अपघातानंतर चौकशीचा पहिला प्रश्न 'काय घडले' हा नसतो. ते सगळ्यांना दिसत असते. 'आधी काय घडले' हा असतो. अलार्म आधी की व्हॉल्व्ह आधी? दाब आधी चढला की कामगाराने बटण आधी दाबले? या उत्तरावर कोणाचा निष्काळजीपणा हे ठरते, आणि ते बहुधा पॅनेलसमोरच्या ऑपरेटरच्या किंवा कंत्राटी हेल्परच्या अंगावर ठरते. धुळे, जळगाव, नंदुरबारहून सुरतेत गेलेली मराठी माणसे तिथल्या कामगारवर्गात मोठ्या संख्येने आहेत. सर्व्हरच्या घड्याळातले दहा सेकंद हा त्यांच्यासाठी संगणकशास्त्राचा विषय उरत नाही.

उत्तर अमेरिकेत 14 ऑगस्ट 2003 ला पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा तपास करणाऱ्यांचे पुष्कळ कष्ट हजारो नोंदींचा क्रम जुळवण्यातच गेले, कारण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नव्हती. तारेवरून वाहणारी वीज गेली ती मिनिटांत. तिचा वृत्तांत लावायला महिने लागले. त्यांच्या समितीने वेळ जुळवलेली नोंदयंत्रे सक्तीची करा अशी शिफारस केली. आपल्याकडे वीज पंधरा मिनिटांच्या खंडांत मोजली जाते, दिवसाला 96 खंड. वायूचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सीमेवरचे एक मिनिट इकडचे तिकडे गेले तर पैशाचा मामला होतो, म्हणून तिथली मीटरची घड्याळे तपासली जातात. पैशासाठी जी काळजी घेतली जाते, ती जिवासाठी का घेऊ नये?

कायदा अगदीच झोपलेला नाही. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने कंपन्यांना आणि डेटा सेंटरांना आपली घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले, नोंदी 180 दिवस ठेवायला सांगितल्या, सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितल्या. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने भारतीय प्रमाणवेळ सर्वत्र सक्तीची करण्याच्या नियमांचा मसुदाही पुढे ठेवला. दोन्ही पावले स्वागतार्ह. पण दोन्हींचे लक्ष वेळ कुठून येते याकडे आहे. ती यजमानाच्या दारातून पाहुण्याच्या खोलीपर्यंत कशी पोहोचते, वाटेत किती सांडते, आणि सांडलेली कोण भरतो, याकडे नाही. लेखापरीक्षक येतो, नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीची ओळ बसवलेली आहे ना ते पाहतो, टिक करतो आणि जातो.

त्या टिकेच्या आत काय चालते ते पाहा. पाहुण्या यंत्राला वेळ सांगणारे अनेकदा दोघे असतात: एक एनटीपी, दुसरी यजमानाची साधने. दोघांत एकमत नसेल तर घड्याळ करवतीच्या दात्यांसारखे वर-खाली होत राहते. 'आम्ही यजमानाकडची वेळ बंद ठेवली आहे' असे सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसते की अनेक आवृत्त्यांत तो खटका बंद असूनही स्नॅपशॉट मागे नेताना, यंत्र हलवताना, थांबवून पुन्हा उठवताना यजमान एकदा वेळ लादतोच. रात्रीच्या बॅकअपला यंत्र काही क्षण गोठते, सुटल्यावर घड्याळ उडी मारते, आणि त्या उडीखाली आलेले अलार्म क्रमवारीत कुठेही पडतात. सकाळी सगळे हिरवे.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की महत्त्वाच्या संरक्षक यंत्रणांना जीपीएसची वेळ असते आणि त्या हजारांश सेकंदापर्यंत नोंद करतात. मागच्या सर्व्हरचे काय एवढे? प्रतिवादात तथ्य आहे. अशा संरक्षक रिलेची नोंद विश्वासार्ह असते. पण माणसाने काय केले, कोणी लॉगिन केले, कोणता अलार्म त्याच्या पडद्यावर खरोखर दिसला आणि त्याने तो कधी स्वीकारला, याची नोंद त्या मागच्या सर्व्हरवरच असते. यंत्राची बाजू अचूक घड्याळाने आणि माणसाची बाजू अंदाजाच्या घड्याळाने लिहिली, तर वादात कोण हरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा प्रतिवाद व्यवहाराचा: घड्याळ चुकले तर ताबडतोब नीट करायला नको का? करायलाच हवे, पण कसे ते ठरलेले असायला हवे. एनटीपीची रूढ सेवा घड्याळ हळूहळू ओढते तेव्हा तिचा वेग सेकंदाला फार तर 500 मायक्रोसेकंद असतो. एक सेकंदाची चूक भरायला 33 मिनिटे, पाच मिनिटांची भरायला सात दिवस. तेवढे थांबणे परवडत नाही, म्हणून मोठी चूक उडीनेच भरावी लागते; विंडोजच्या डोमेनमध्ये तर पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच नाकारले जाते. उडीला आमचा विरोध नाही. उडीची नोंद नसण्याला आहे. जमाखर्चाच्या वहीत चुकीचा आकडा खोडून वर नवा गिरवला तर हिशेबनीस उठवून घालवतील. तिथे चूक राहू देतात आणि खाली दुरुस्तीची नोंद टाकतात. संगणकातल्या वेळेला हा साधा शिरस्ता का नको?

मागणे मोजके आहे. प्रत्येक आभासी यंत्राला वेळ देणारा धनी एकच असावा आणि तो कोण हे कागदावर असावे. कारखान्यात आयटीवाले आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाले यांच्यात घड्याळ कोणाचे हा प्रश्न अनिर्णित राहिला की ते कोणाचेच नसते. म्हणून जबाबदार माणसाचे पदनाम लिहिलेले असावे. घड्याळाला उडी दिली की आधीची वेळ, नंतरची वेळ, फरक आणि कारण ही ओळ पुसता न येणाऱ्या जागी आपोआप पडावी. किती काळ गेला हे मोजताना प्रोग्रॅमरांनी भिंतीवरच्या वेळेची वजाबाकी करू नये. त्यासाठी कधीही मागे न जाणारा मोजक प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असतो, तो वापरावा. आणि अपघाताच्या चौकशीत पहिल्याच दिवशी, साक्षीपुरावा सुरू होण्याआधी, प्रत्येक सर्व्हरचा फरक मोजून नोंदवला जावा; नंतर कोणी मदतीच्या हेतूनेही 'ठीक' केला, तर पुरावा गेला.

यात नवा खर्च नाही, नवे यंत्र नाही. नियमांच्या मसुद्यात दोन ओळी आणि लेखापरीक्षकाच्या यादीत एक प्रश्न एवढेच वाढेल. 'तुमच्या सर्व्हरची वेळ बरोबर आहे का' हा प्रश्न त्याने आता सोडून द्यावा, कारण तो येणार हे ठाऊक असल्याने त्या दिवशी ती बरोबरच असते. त्याऐवजी विचारावे: गेल्या वर्षभरात ती किती वेळा चुकली, दर वेळी कितीने, आणि कोणी हलवली? 'एकदाही चुकली नाही' असे छातीठोक उत्तर आले, तर तिथे कोणी मोजलेलेच नाही असे समजून तपासणी तिथूनच सुरू करावी.